सेव्ह झालं म्हणतंय, मग आहे कुठे?

आधी ऊठ आणि दोन घास खाऊन घे बघू. उपाशीपोटी लॉग वाचायला बसलं की ओळी नुसत्या डोळ्यांसमोरून सरकतात, डोक्यात काही शिरत नाही. एकीकडे लॉग वाचत दुसरीकडे दूध तापवायचं नाही, हेही आत्ताच सांगून ठेवते. त्या नादात मी किती दूध उतू घालवलंय ते माझ्या शेगडीला विचार.

जेवलीस? बरं, आता तुझं म्हणणं मला काय कळलं ते सांगते. शुक्रवारी बिल्डचं मशीन बदललं, ॲप नव्याने बिल्ड झालं आणि धडाधड एरर आल्या. इंजिनला एक्झिक्यूट नावाचं ॲट्रिब्यूटच नाही म्हणे. तू संध्याकाळपर्यंत त्या सगळ्या निस्तरल्यास, टेस्ट हिरव्या झाल्या, घरी गेलीस. सोमवारी अकाउंट्समधल्या काकूंनी विचारलं, शनिवार-रविवारच्या बेरजा कुठायत? रात्रीच्या जॉबचा लॉग म्हणतो, लिहिली की बेरीज, हा घे आयडी. टेबलात मात्र त्या ओळीचा मागमूस नाही. एरर नाही, वॉर्निंग नाही, काही नाही. आणि तू तेव्हापासून स्वतःच्या कोडची ओळ न् ओळ तपासत बसली आहेस, कारण गिट हिस्टरीत शेवटची कमिट तुझी आहे.

खरं सांगू का, हे आपल्या मुलींचं फारच होतं गं. काही बिघडलं की पहिला प्रश्न ‘मी काय चुकीचं लिहिलं?’ हाच. तो दुसरा असू दे. पहिला प्रश्न असा विचार, की माझ्या कोडच्या खालचं काय बदललं?

आणि हे अंदाजाने नाही, दोन मिनिटांत कळतं. जुनी डॉकर इमेज रजिस्ट्रीत असेलच. तिच्यात पिप फ्रीझ चालव, नव्या इमेजमध्ये चालव आणि दोन याद्यांचा डिफ बघ. तू सांगितलेल्या एररवरून मला जवळजवळ खात्री आहे की त्यात एसक्यूएलअल्केमी १.४ वरून २.० वर गेलेली दिसेल. तुमच्या रिक्वायरमेंट्स फाइलमध्ये लायब्ररीचं नुसतं नाव आहे ना, पुढे आकडा नाही? मग झालंच. २.० जानेवारी २०२३ मध्येच आली, पण ती ओळ बदलली नव्हती म्हणून जुनं मशीन डॉकरचा साठवलेला थर वापरत राहिलं. नवं मशीन कोरं. त्याने पिपला विचारलं, पिपने सगळ्यात ताजं आणून दिलं. तुमच्यापैकी कुणी काही अपग्रेड केलं नाही आणि तरी अपग्रेड झालं.

आता नीट ऐक, कारण खरी गोम इथे आहे.

१.४ पर्यंत या लायब्ररीची एक सवय होती. तू कनेक्शनवर कच्चं एसक्यूएल पाठवलंस आणि ट्रान्झॅक्शन उघडलं नसलंस, तर ती वाक्याचा पहिला शब्द बघायची. इन्सर्ट, अपडेट, डिलीट, क्रिएट असा काही शब्द दिसला की ‘ही काहीतरी लिहितेय’ असं ओळखून स्वतःच कमिट करून टाकायची. याला म्हणायचं ऑटोकमिट. तू दार नुसतं लोटून झोपायला जायचीस आणि आई मागून येऊन कडी लावायची, तसं. २.० मध्ये आई येत नाही. कडी तुझी तूच लावायची, आणि नाही लावलीस तर लायब्ररी समजते की तुला ते लिहिलेलं नकोच होतं. कनेक्शन बंद होताना ती मुकाट्याने रोलबॅक करते.

लायब्ररीवाल्यांवर चिडू नकोस हं. मला तर त्यांचं पटतं. पहिल्या शब्दावरून ओळखायचं म्हणजे अंदाजच की. सिलेक्टने सुरू होणारं वाक्य आत एखादं फंक्शन बोलावून टेबलात लिहीत असेल, तर जुनं व्हर्जनही फसायचं. शिवाय पायथनमधून डेटाबेसशी बोलण्याचं जे प्रमाण आहे, पेप २४९, त्यात ऑटोकमिट सुरुवातीला बंदच असावं असं स्पष्ट लिहिलंय. म्हणजे नवीन वागणं नियमाला धरून आहे, जुनंच लाडावलेलं होतं.

मग तुझं शुक्रवारी काय झालं बघ. इंजिनवरचं थेट एक्झिक्यूट २.० मधून काढून टाकलंय, म्हणून ती एरर. तू ते बदलून ‘विथ इंजिन डॉट कनेक्ट’ असं कनेक्शन उघडलंस. मग दुसरी एरर आली असेल, की साधी स्ट्रिंग चालत नाही. तीही बरोबर, नव्या व्हर्जनला ती टेक्स्टमध्ये गुंडाळून लागते. गुंडाळलीस. एरर थांबल्या, तुला वाटलं मिटलं. कुणालाही वाटलं असतं गं. ज्या बदलांनी आरडाओरडा केला ते तू सगळे सोडवलेस, आणि जो गप्प बसला तो तसाच राहिला. गंमत म्हणजे तुझी शुक्रवारची हीच कमिट १.४ वर नेऊन चालव, बेरजा व्यवस्थित सेव्ह होतील. म्हणून गिट बायसेक्टने तुझ्याकडे बोट दाखवलं तरी ते अर्धंच खरं समज.

ओरडणारे बदल परवडले असं मी नेहमी म्हणते. १.४ मार्च २०२१ मध्ये आली तेव्हा तिने डेटाबेसच्या पत्त्यात सुरुवातीला ‘पोस्टग्रेस’ लिहिलेलं स्वीकारणं बंद केलं, पूर्ण ‘पोस्टग्रेसक्यूएल’च हवं. हेरोकूवर तेव्हा पत्ता आयताच मिळायचा आणि तो नेमका जुन्या पद्धतीचा असायचा, त्यामुळे कितीतरी ॲप सुरूच होईनात. चिडचिड झाली लोकांची, पण ॲप सुरूच होत नाही म्हटल्यावर लगेच कळलं आणि लगेच सुटलं. तुझ्या बगने शनिवार-रविवार खाल्ला, कारण तो ‘सेव्ह झालं’ म्हणत होता.

आयडी कसा मिळाला, हे तुला सतावतंय ना? इन्सर्ट खरंच झाला होता गं. पोस्टग्रेसने सीक्वेन्समधून पुढचा नंबर काढला, ओळ लिहिली, आयडी परत दिला. त्याच कनेक्शनवर तू सिलेक्ट केलं असतंस तर ओळ दिसलीही असती. मग रोलबॅक झाला आणि ओळ गेली. पण सीक्वेन्सने काढलेला नंबर मागे जात नाही, रोलबॅक झाला तरी नाही. हाच तुझा पुरावा आहे. पीएसक्यूएल उघड आणि टेबलातला सगळ्यात मोठा आयडी आणि सीक्वेन्सची लास्ट व्हॅल्यू शेजारी शेजारी बघ. सीक्वेन्स पुढे पळालेली दिसली म्हणजे नंबर निघाले, ओळी टिकल्या नाहीत. फक्त एवढ्यावर निकाल देऊ नकोस, नंबर इतर कारणांनीही वाया जातात. एखादा इन्सर्ट एररने पडला तरी जातो.

पक्का पुरावा लॉगमध्ये. इंजिन बनवताना एको चालू कर आणि तो रात्रीचा जॉब टेस्ट डेटाबेसवर एकदा १.४ ने, एकदा २.० ने चालव. जुन्या लॉगमध्ये इन्सर्टच्या खाली कमिट दिसेल. नव्यात आधी ‘बिगिन इम्प्लिसिट’, मग इन्सर्ट आणि त्याखाली रोलबॅक. एका शब्दाचा फरक. तू असा लॉग आधीही पाहिला असशील आणि तो शब्द तुझ्या नजरेतून सुटला असेल, त्याचंही कारण आहे. नव्या व्हर्जनमध्ये साध्या सिलेक्टनंतरही कनेक्शन बंद होताना रोलबॅकच छापला जातो, तिथे तो निरुपद्रवी असतो. दिवसभर तोच शब्द शेकडो वेळा बघून डोळे सरावतात. म्हणून नुसता रोलबॅक शोधू नकोस, इन्सर्ट किंवा अपडेटच्या नंतर आलेला रोलबॅक शोध.

आणखी एक खूण तुझ्या समोरच होती बघ. तू म्हणालीस, पावत्यांचा फॉर्म नीट चालतोय, फक्त बेरजा जातायत. पावत्या ओआरएमच्या सेशनमधून जातात ना? सेशनला कमिट पूर्वीपासून सांगावंच लागायचं, ते तुम्ही लिहिलेलंच आहे. बेरजेचा जॉब कच्च्या एसक्यूएलचा, तो ऑटोकमिटच्या भरवशावर. अर्धं चालतं आणि अर्धं नाही अशी वेळ आली की आपण ‘नाही चालत’ त्याच्याचकडे डोळे वटारून बघत बसतो. चालणाऱ्या अर्ध्याला विचारायचं, तू वेगळं काय करतोस? बहुतेक वेळा उत्तर तिथूनच येतं.

टेस्ट हिरव्या का राहिल्या म्हणून उगाच जिवाला लावून घेऊ नकोस. तुमच्या टेस्ट एकाच कनेक्शनवर लिहितात, त्याच कनेक्शनवर वाचतात आणि शेवटी मुद्दाम सगळं रोलबॅक करतात. बहुतेक ठिकाणी असंच असतं, आणि ते वाईट नाही, त्याने टेस्ट भरभर होतात. पण कमिट झालं की नाही हे अशा टेस्टला कळूच शकत नाही. जॉबसाठी एक तरी टेस्ट अशी लिही जी लिहून झाल्यावर वेगळं कनेक्शन उघडून बघेल, ओळ आहे का.

कुणी विचारलं ‘कशावरून हेच कारण?’ तर एक छान उत्तर आहे. १.४ ला क्रिएट इंजिनमध्ये ‘फ्यूचर’ नावाचा पर्याय ट्रू करता येतो, मग तिचं इंजिन २.० सारखं वागतं. व्हर्जन तेच, कोड तोच, फक्त हा एक पर्याय बदल. बेरीज गायब झाली, पर्याय काढल्यावर परत आली, की वाद संपला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मग तुला कुणी काही बोलू शकत नाही.

आता दुरुस्ती. आधी आजच्या आज १.४ वर परत जा. यात कमीपणा काही नाही, रात्री पुन्हा जॉब चालणार आहे. आणि जुनी इमेज जशीच्या तशी उचलून लावलीस तरी चालेल. मग शांतपणे, जिथे जिथे लिहितेस तिथे ‘इंजिन डॉट कनेक्ट’ऐवजी ‘इंजिन डॉट बिगिन’ वापर. तो ब्लॉक नीट संपला तर स्वतः कमिट करतो, मधे एक्सेप्शन आलं तर रोलबॅक. किंवा कनेक्टच ठेवून शेवटी कमिट लिही, तेही चालतं, पण ती ओळ विसरायला होते म्हणून मला बिगिन आवडतं. सगळ्या फायलींमध्ये ‘कनेक्ट’ शोधून एकेक जागा बघ. टेबल बनवणाऱ्या स्क्रिप्ट विसरू नकोस, पोस्टग्रेसमध्ये क्रिएट टेबलही रोलबॅक होतं.

कुणीतरी तुला सांगेल की आयसोलेशन लेव्हलला ऑटोकमिट कर, एका ओळीत सगळं पूर्वीसारखं. नको करूस. एखाद्या विशिष्ट कामाला ते ठीक आहे, पण सगळ्या इंजिनला लावलंस तर तीन टेबलांत लिहिणारा जॉब दुसऱ्या टेबलावर पडला की पहिल्यातलं तसंच राहतं. मग काकूंना बेरीज मिळेल, पण चुकीची. त्यापेक्षा न मिळालेली बरी.

२.० वर नंतर जायचंच आहे, तेव्हा वाटेत १.४ वर थांब. ती मुळात या प्रवासासाठीच केलेली आहे. ‘एसक्यूएलअल्केमी वॉर्न २०’ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल १ केलंस की पुढे काय काय मोडणार आहे ते ती एकेक करून सांगते, ऑटोकमिटसकट. १.४.४६ पासून तर त्यांनी एक ढळढळीत वॉर्निंगच घातली, की बाई, तू जुन्या पद्धती वापरते आहेस. आणि ती गप्प करायला वेगळं व्हेरिएबलही दिलं. कुणी ते आधी लावलं, हे मला विचारू नकोस. लॉग किती स्वच्छ दिसत होता, एवढंच सांगते.

रिक्वायरमेंट्समध्ये आकडा घाल, शक्य असेल तर सगळ्या लायब्ररींची लॉक फाइलच ठेव. हे तुला माहीत आहे, त्यावर जास्त बोलत नाही.

पण आकडे बांधले म्हणजे सुटलो असंही समजू नकोस हं. काही लायब्ररी तुझ्या यादीत नसतातच. ऑगस्ट २०१८ मध्ये लिनक्सच्या ग्लिबसी लायब्ररीचं २.२८ व्हर्जन आलं आणि त्यात अक्षरांचा क्रम लावण्याचे नियम बदलले. पोस्टग्रेस मजकुरावरचे इंडेक्स त्याच क्रमाने रचतो. डेबियन ९ वरून १० वर गेलं की ग्लिबसी २.२४ वरून थेट २.२८. पोस्टग्रेसचं व्हर्जन तेच, डेटा तोच, पण इंडेक्स जुन्या क्रमाने रचलेला आणि शोध नव्या क्रमाने. मग ओळ टेबलात असूनही सापडत नाही, किंवा युनिक इंडेक्स असूनही तीच नोंद दोनदा शिरते. हे तपासायची युक्ती मला फार आवडते. टर्मिनलवर अमेरिकन इंग्रजी लोकेल लावून ‘१-१’ आणि ‘११’ इंग्रजी अंकांत सॉर्टला दे. जुन्या ग्लिबसीवर ११ आधी येतं, नव्यावर १-१. उपाय काय, तर मजकुरावरचे इंडेक्स पुन्हा बांधायचे, रीइंडेक्स. पोस्टग्रेस १५ पासून डेटाबेस आपल्या कोलेशनचं व्हर्जन लक्षात ठेवतो आणि बदललं की वॉर्निंग देतो. तुझ्या बगचा याच्याशी संबंध नाही, पण पुढे कधी सर्व्हर अपग्रेड झाल्यावर काही हरवलं तर आठव.

आता राहिल्या शनिवार-रविवारच्या बेरजा, ज्यामुळे तुझी झोप उडालीय. रोलबॅक झालेल्या ओळी परत मिळत नाहीत, त्या शोधत बसू नकोस. पण तुझं नशीब बघ, मूळ पावत्या सेशनमधून गेल्या, त्या जागेवर आहेत. बेरजा त्यांच्यावरूनच काढायच्यात, म्हणजे हरवलंय ते फक्त गणित. जॉबला तारीख देता येते का बघ, येत नसेल तर तेवढी सोय कर. आणि इन्सर्टला ‘ऑन कॉन्फ्लिक्ट डू अपडेट’ जोड, म्हणजे तीच तारीख चुकून दोनदा चालली तरी बेरीज दोनदा चढणार नाही. त्यासाठी तारखेवर युनिक इंडेक्स लागेल, नसेल तर आधी तो कर. शुक्रवारच्या बिल्डनंतर आणखी काय काय कच्च्या एसक्यूएलने लिहिलं गेलं, त्याची मात्र यादी काढ. काकूंना बेरीज दिसली नाही म्हणून त्यांनी विचारलं. जे कुणी रोज बघत नाही, त्याबद्दल कुणी विचारणार नाही.

सरांना तूच सांग, त्यांनी विचारायची वाट बघू नकोस. ऑटोकमिटचा इतिहास त्यांना नको. एवढंच लिही: ‘सर, शुक्रवारच्या बिल्डमध्ये डेटाबेस लायब्ररीचं व्हर्जन बदललं, त्यामुळे शनिवार-रविवारच्या बेरजा टिकल्या नाहीत. मूळ पावत्या सुरक्षित आहेत. जुनं व्हर्जन परत लावलंय, बेरजा आज दुपारी पुन्हा काढते, दुरुस्तीची टेस्ट या आठवड्यात.’ माफी मागायची सवय आहे तुला, ती या मेसेजमध्ये नको. काकूंना वेगळा फोन कर, त्या जास्त हवालदिल असतील, आणि त्यांनी हाताने काही आकडे भरले असतील तर ते आधी विचारून घे, नाहीतर तुझा जॉब त्यांच्यावरून फिरेल.

बेरजा दुपारीच काढ, रात्रीवर टाकू नकोस, जागी असताना काय होतंय ते दिसतं. आधी फक्त शनिवार चालव. झाला की पीएसक्यूएलची नवी खिडकी उघडून ओळ आहे का बघ, काकूंकडून आकडा ताडून घे, मगच रविवार. इन्सर्टखाली पुन्हा रोलबॅक दिसला तर लॉगच्या तेवढ्या ओळी मला पाठव. साडेचारपर्यंत मी मीटिंगमध्ये आहे, त्यानंतर सरळ फोन कर.